सुमनच्या भरतीसाठी मी घेतलेले कष्ट

आमच्या घरात पळायचं होतं एकाच माणसाला, आणि तो माणूस मी नव्हतो.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्याला नवे पोलीस लागणार, त्यात बायकांच्याही चार जागा, म्हणून माझ्या बायकोनं, सुमननं, अर्ज भरला. वयाच्या अटीत बसायचं तिचं ते शेवटचं वर्ष! साहजिकच मी (शाळेतला कारकून, जिना चढताना धाप लागणारा) तिचा गुरू झालो.

दुष्काळानं गावतळं कोरडं ठाक पडलं होतं, तेच आमचं मैदान. पहाटे साडेचारला मी शिट्टी फुंकायचो. भेगाळलेल्या तळात सायकल चालेना, म्हणून तिच्यामागं मलाही पळावं लागायचं.

"आवं, रविवारी तरी सुट्टी द्या की! पाय लई भरून आलेत."

"सुट्टी? अगं, मन पोलादी पाहिजे!"

माझी आई दारातून म्हणाली, "पोलाद पाणी पीत न्हाई, ही पिती. टँकर दोन दिस झाले आला न्हाई."

मग मी दुपारची झोपही बंद केली. (शिष्येची बंद म्हणजे गुरूचीही बंद!) त्यावर आई म्हणाली, "मंग टँकरच्या लायनीत सुमनलाच धाडते." मी खूश! रणरणत्या उन्हात तासन्‌तास उभं राहायचं, याहून कडक सराव कोणता?

एके दिवशी पाहणी करायला गेलो. लायनीत घागरी होत्या, बादल्या होत्या, तेलाचे डबे होते. माणूस एकही नव्हतं! सगळ्या बाया लिंबाखाली आडव्या. आमची घागर सातव्या नंबरावर इमानानं उभी, सुमन घोरतेय आणि आई तिला पदरानं वारा घालतेय!

"उठवशील तर बघ!" आई म्हणाली. "रोज दोन तास झोपती, म्हून पळती."

शिष्या हातची गेली. निदान गुरूनं तरी ढिलं पडू नये, म्हणून मी माझा सराव दुप्पट केला!

भरतीच्या दिवशी शेवटच्या फेरीत सुमन पाचवी होती. जागा चार! मला राहवेना. दोरीच्या बाहेरून मी तिच्या बरोबरीनं धावत सुटलो, "पोलादी! पोलादी!" आणि दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले. धाडकन आडवा!

तिनं वळून पाहिलं. थांबली तर संपलंच सगळं!

"पळ गं!" मी ओरडलो.

ती पळाली. दोघींना मागं टाकून तिसरी आली. मला रडू फुटलं, थोडं आनंदानं, बरंचसं पोटऱ्यांनी. मला उचलणाऱ्या हवालदारानं विचारलं, "काका, तुमचा नंबर कितवा?"

यादीत तिचं नाव लागलं. घरी येताच तिनं पहिला हुकूम सोडला, "आठ दिस बाजंवरून उठायचं न्हाई!"

मी उठलो नाही. मनापासून पाळलेली शिस्त म्हणाल, तर माझ्या आयुष्यात ती एवढीच!