चादरीचं दुसरं टोक

झोपताना मावशी अंगठ्याला तेल चोळायची. घरात उजव्या हातानं काही विसळायची नाही. कामावर वेळेच्या तासभर आधी पोचायची. हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवण्याआधी तो तीनदा पुसायची, आणि ठेवताना डोळे मिटायची. रस्त्यात सिग्नल लाल झाला तरी तिचा हात आपोआप पाठीमागे जायचा.

मावशी अकरा वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धूत होती. ब्लीचनं तिच्या बोटांवरच्या रेषा पुसून टाकल्या होत्या. हजेरीचं यंत्र आलं, बाकीच्यांचे अंगठे लागले, तिचा लागेना; तिनं ठेवला की लाल दिवा. दिवसभर राबायची आणि कागदोपत्री गैरहजर.

आधी थट्टा झाली. "मावशे, भूत झालीस की काय?" सुपरवायझर म्हणाला. तीही हसली. मग तिच्या मागे उभ्या राहणाऱ्या बायकांची हजेरी उशिरा लागू लागली. "तू आपली शेवटी थांब हं." ती शेवटी थांबली. मग डबा खाताना बाकावर तिच्यासाठी कुणी सरकेनासं झालं. कुणी भांडलं नाही, कुणी तोडून बोललं नाही.

तिच्या वरच्या खोलीतली मुलगी पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासायची. एका संध्याकाळी मावशीनं विचारलं, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस गं?"

"व्याख्या. काम, दवाखाना, शाळा, चारचौघांत ऊठबस, हे इतरांना सहज मिळतं. काहींना त्यापासून दूर ठेवलं जातं, ते सामाजिक बहिष्करण. आणि हळूहळू कडेला ढकललं जाणं म्हणजे सीमान्तीकरण."

"ढकलतं कोण?"

मुलीनं पान उलटून पाहिलं. "बऱ्याचदा कुणी एक माणूस नसतोच, मावशी."

"मग भांडायचं कुणाशी?" मावशीनं विचारलं.

तीस गैरहजेऱ्या भरल्या की नाव कमी होणार होतं. तिच्या एकोणतीस झाल्या होत्या. मुलीनं अर्ज लिहून दिला. आता फक्त एक सही हवी होती, मावशी रोज कामावर असते असं सांगणाऱ्या सोबतिणीची.

"तुमची जोडीदारीण देईलच की," मुलगी म्हणाली. मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. अकरा वर्षं दुसरं टोक त्या जोडीदारणीच्याच हातात असायचं.

सकाळी यंत्र पुन्हा लाल झालं. तीस. पहिल्याच चादरीला मावशीनं विचारलं, "एक सही देशील?"

जोडीदारणीनं आधी दाराकडे पाहिलं. "ताई, सही देणाऱ्याचीही चौकशी लावणार म्हणतात. घरात मी एकटीच कमावती."

"मी रोज येते, हे खोटं आहे का?"

"खरं आहे गं. म्हणून तर तुझ्याकडे बघवत नाही." तिच्या हातून टोक सुटलं, की तिनं सोडलं, ते मावशीला कळलं नाही. जोडीदारीण दुसऱ्या टेबलाकडे निघून गेली.

चादर ओल्या फरशीवर पडून मळली होती. मावशीनं ती उचलली, टबात बुडवली आणि डाग चोळायला घेतला.

दारात सुपरवायझर आला. "मावशी, तुम्हाला ऑफिसात बोलावलंय."

अकरा वर्षांत त्यानं तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"एवढा डाग काढून येते."

"राहू द्या."

मावशीनं हात पुसले आणि ती त्याच्यामागून गेली. चादर टबात तशीच राहिली, अर्धी साबणात, अर्धी बाहेर.