मास्कच्या पिशवीतले लाडू

आमच्या घरात आणि सौदीहून परतलेल्या मित्रमंडळींत एक गोष्ट तीसेक वर्षं सांगितली जाते. युद्धाच्या दिवसांत माझ्या बायकोने गॅस मास्कच्या पिशवीत मास्कऐवजी तिळाचे लाडू भरले आणि ते घोड्याने खाल्ले, अशी ती गोष्ट. सहलीत, बारशात, एकदा तर एका शोकसभेनंतरच्या चहाला सांगितली गेली, आणि दर वेळी लोक पोट धरून हसले. बायकोही हसते. मीही हसतो.

पिशवीत लाडू होते हे खरं आहे. घोड्याने खाल्ले हेही खरं आहे. पण ते तिने भरले नव्हते. आता माझं वय असं आहे की डॉक्टर माझ्याशी मोठ्या आवाजात आणि बायकोशी हळू आवाजात बोलतात. म्हणून हे लिहून मोकळा होतो.

तेव्हा मी धाहरानला एका तेल कंपनीत इंजिनियर होतो. बायको आणि दोन मुलं माझ्याबरोबर कंपनीच्या कॅम्पात राहत. आखाती युद्धाला तोंड फुटलं तशी शाळा बंद झाली आणि आकाशातून क्षेपणास्त्रं येऊ लागली. भोंगा वाजला की आम्ही चौघं बाथरूममध्ये जायचो, कारण तिथली खिडकी सगळ्यांत लहान आणि तिला मी टेप लावली होती. दाराखाली ओला टॉवेल कोंबायचा, मास्क चढवायचे आणि उपड्या बादलीवर बसायचं. बादली एकच, त्यामुळे पाळी लावावी लागे. मुलांना हे फार आवडायचं. बायकोला नाही.

नाशिकहून तिच्या भावाचे फोन येत. "ताई, तू मुलांना घेऊन निघून ये. भावजींना यायचं तेव्हा येतील." कॅम्पातल्या बऱ्याच बायका तोवर गेल्याही होत्या. कंपनीची बस जेद्दाला सोडायची, तिथून विमान. तिचं जायचं की राहायचं ते ठरत नव्हतं. ती म्हणायची, "रोजचं आयुष्य नीट चालतंय असं मला दिसलं ना, तर मी राहीन."

मला ती राहायला हवी होती. भोंगा वाजल्यावर एकट्याने त्या बादलीवर बसायची माझी तयारी नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही. तिला सांगितलं की मुलांचं मन रमलं पाहिजे.

मग मी रोजचं आयुष्य दाखवायला निघालो. कॅम्पातल्या वाचनालयाबाहेर एक जाहिरात लागलेली असायची: तारूत बेटावर एका खजुराच्या मळ्यात घोड्यावरून निसर्गरम्य फेरी, सोबत वाटाड्या. युद्धात अशी फेरी कोण चालू ठेवेल असं मला वाटलं होतं. फोन केला तर पलीकडचा माणूस इतका खूश झाला की विचारूच नका. त्याच्याकडे गिऱ्हाईक नव्हतं आणि घोडे उभे राहून राहून चिडले होते.

त्या दिवशी रथसप्तमी होती. बायकोने सकाळी बाल्कनीत सूर्याच्या रथाची रांगोळी काढली होती. तिचे घोडे दरवर्षी शेळ्यांसारखे दिसत.

"आज घोड्यांचाच दिवस," मी म्हणालो. "खरे दाखवतो चल."

"भोंगा झाला तर?"

"घोडा आपल्याहून जोरात पळतो."

ती हसली नाही, पण तयारीला लागली.

अडचण एवढीच होती की मला घोड्याची भीती वाटते. लहानपणी पंचवटीत टांग्याचा एक घोडा माझ्या तोंडावर शिंकला होता. त्यानंतर मी घोड्याच्या समोर कधी उभा राहिलो नव्हतो, वर बसणं तर दूरच. ही भीती मी फक्त एका माणसाला सांगितली. तो रत्नागिरीकडचा, आमच्या वाहतूक विभागात होता, आणि तारूतला आम्हाला त्याच्याच गाडीतून जायचं होतं. त्याची बायको-मुलं गावी होती, म्हणून तो जेवायला आमच्याकडे आणि गप्पांनाही आमच्याकडेच.

"सोपं आहे, इंजिनियर," तो म्हणाला. "गूळ चारा. आमच्या आजोबांचा टांगा होता. गूळ खाल्लेला घोडा तुम्हाला बापासारखा मानतो."

"तू बसणार आहेस का?"

"मी? मी होडीतला माणूस. मी फाटकापाशी चहा पितो."

आता सौदीत त्या सकाळी गूळ कुठून आणायचा? दुकानं धड उघडी नव्हती, आणि घरातला होता नव्हता तो सगळा गूळ बायकोने संक्रांतीच्या लाडवांत घातला होता. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो, म्हणून शेवटचे सहा-सात लाडू तिने या मित्रासाठीच एका जुन्या नॅपकिनमध्ये बांधून टेबलावर ठेवले होते. शेजारीच चार खाकी पिशव्या. मास्कच्या. बाहेर पडताना मास्क जवळ नसेल तर कॅम्पच्या फाटकावरचा पहारेकरी गाडी परत पाठवायचा. पिशव्या भरायचं काम तिचं. प्रत्येकाचा मास्क, गाळणी, रुमाल, सगळं ती दोनदा बघायची. तिच्या हातून कधी काही राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

पण मळ्यातल्या माणसाने फोनवर बजावलं होतं, घोड्यावर हातात काही घ्यायचं नाही. खिशात लाडू ठेवले तर पॅंटची दशा व्हायची. उरली मास्कची पिशवी. ती वेणी घालत होती तेवढ्यात मी माझ्या पिशवीतला मास्क काढला, लाडवांचं गाठोडं आत सरकवलं आणि मास्क कुठे ठेवू कळेना म्हणून तांदळाच्या डब्यामागे ढकलला. पहारेकरी पिशवी बघतो, पिशवीत बघत नाही, एवढाच विचार मी केला. इंजिनियरिंगच्या पदवीचा माणूस.

वाटाड्या सुदानी होता, ताडासारखा उंच, पांढरा झगा आणि पायात बुटांऐवजी सपाता. त्याने मला तांबड्या रंगाचा एक घोडा दिला. पापण्या लांबलचक, नजर विमा विकणाऱ्या माणसासारखी. मुलांना दोघांत मिळून एक तट्टू, त्याची दोरी वाटाड्याच्या खोगिराला. बायकोला एक म्हातारी पांढरी घोडी. काळा अबाया सावरत ती एका दमात चढली आणि रेशनच्या रांगेत उभं राहावं तशी ताठ बसली. मला चढवायला वाटाड्या आणि माझा मित्र दोघं लागले.

चढण्यापूर्वी मी गुपचूप एक लाडू घोड्याला दिला. त्याने तो चघळला, डोळे मिटले आणि मग माझ्याकडे पाहिलं. तशा नजरेने माझ्याकडे त्याआधी कुणीच पाहिलं नव्हतं.

"यल्ला," वाटाड्या म्हणाला आणि आम्ही निघालो.

वाट सुंदर असणार. खजुरांच्या ओळी, मधून पाण्याचे पाट, पुढे उथळ समुद्र आणि लांबवर जुन्या किल्ल्याची भिंत, असं बायको नंतर सांगायची. मी पाहिलं नाही. माझ्या घोड्याला लाडू कुठे आहेत ते कळलं होतं. दोन पावलं चालून तो मान वळवायचा आणि माझ्या कमरेच्या पिशवीला नाक लावायचा. मी पिशवी उजवीकडे नेली की तो उजवीकडे वळे, डावीकडे नेली की डावीकडे. बाकीचे सरळ जात होते. मी एका खजुराभोवती प्रदक्षिणा घालत होतो.

"बाबा, घोडा आपको खा रहा है," धाकटा ओरडला. शाळेमुळे तो सगळं हिंदीत बोलायचा.

वाटाड्या थांबला. बराच वेळ बघून मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये घोडा किसी को प्यार नहीं करता. तुमको करता."

तेव्हा बायको हसली. आधी ओढणीचा पदर तोंडाला लावून, मग उघड. युद्ध सुरू झाल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मी घोड्यावर गोल गोल फिरत होतो आणि मनात म्हणत होतो, जमलं. ही राहणार.

तेवढ्यात भोंगा झाला.

दिवसा सहसा होत नसे, म्हणून क्षणभर कुणी हललंच नाही. मग वाटाड्याने मुलांना तट्टूवरून पिशव्यांसारखं उचलून खाली ठेवलं. बायको स्वतः उतरली. मीही उतरलो, म्हणजे घोडा वळला आणि मी वळलो नाही. तिने मुलांना मास्क घातले, पट्टे ओढून बघितले, मग आपला घातला. वाटाड्याने त्याचा घातला. सगळे सोंड आखडलेल्या हत्तींसारखे माझ्याकडे बघायला लागले.

मी पिशवी उघडली. घोड्याने त्यात तोंड घातलं.

तो नॅपकिनसकट खात होता. बायको मास्कच्या आतून काहीतरी ओरडत होती, ऐकू येत होता नुसता फुसफुसाट. मग तिने पिशवी माझ्या हातातून ओढली, आत पाहिलं आणि तिळाचे चार दाणे बोटावर घेतले. मास्कच्या काचांतून तिचे डोळे मला दिसले. तिने आपला मास्क काढला.

"मी हे काय केलं?" ती म्हणाली. "अहो, मी लाडू भरले."

मी म्हणायला हवं होतं की तू नाही, मी. तीन शब्द. मी म्हणालो, "पिशव्या तूच भरल्या होत्यास ना." हेही खरंच होतं, म्हणून तर ते तोंडातून इतकं सहज निघालं.

तिने तिचा मास्क माझ्या डोक्यावर चढवायला सुरुवात केली. "माझी चूक आहे. तुम्ही घाला." मी नाही नाही म्हणालो. नाही नाही म्हणत असताना मी मागचा पट्टा आवळून घेत होतो. हे वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली. ती ओढणीचं टोक पाटाच्या पाण्यात भिजवून नाकाला लावून बसली, मुलांना दोन्ही कुशीत घेऊन. मी तिच्या मास्कमधून बघत उभा होतो आणि माझा घोडा माझी रिकामी पिशवी चाटत होता.

धोका टळल्याचा भोंगा लगेच झाला. कुठे काही पडलं नव्हतं. कुणीतरी चुकून वाजवला होता, असं नंतर कळलं.

फाटकापाशी मित्र धावत आला. सगळे धड आहेत पाहून त्याला आधी हायसं वाटलं आणि मग भूक लागली. "वहिनी, माझे लाडू आणले होतेत ना?"

"घोड्याने खाल्ले," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं. पिशव्या टेबलावर, गाठोडं शेजारी, घाईत एकाच्या जागी दुसरं गेलं असणार.

गूळ चारायचा सल्ला त्याचाच होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ओठ चावून तोंड फिरवलं आणि गाडीला टेकून खांदे हलवत हसू लागला. मला वाटलं त्याला कळलं. कळलं असलंच तर तो कधी बोलला नाही, पण दर सहलीत "वहिनींचे लाडू" सांगताना शेवटी माझ्याकडे बघून विचारायचा, "काय इंजिनियर, बरोबर ना?" आणि मी बरोबर म्हणायचो.

घरी आल्यावर तिला तांदळाच्या डब्यामागे मास्क सापडला. ती तो हातात धरून ओट्यापाशी उभी राहिली.

"मी हा इथे ठेवला?"

मी वर्तमानपत्र वाचत होतो. ते जुनं होतं.

"मला आठवतही नाहीये ठेवल्याचं. आज तुमच्या पिशवीत लाडू भरले. उद्या धाकट्याच्या पिशवीत काय भरीन?" मग तिने भावाला फोन लावला. घोड्याने जे जमवलं होतं ते माझ्या एका वाक्याने मोडलं, आणि दुसऱ्या वाक्याने जोडता आलं असतं. त्या आठवड्यात ती आणि मुलं जेद्दाच्या बसमध्ये बसली. बाकीचं युद्ध मी बादलीवर एकट्याने काढलं. पाळी लावायची गरज नव्हती. मित्र रात्री माशाचं कालवण आणायचा, मी खिचडी करायचो, आणि त्या खिचडीचं वर्णन तो आजही क्षेपणास्त्रांच्या आधी करतो.

मुलं आणि ती परत आली ती उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर. तेव्हापासून तिला एक सवय लागली. घराबाहेर पडताना ती स्वतःची पिशवी उघडते, बघते, बंद करते, पुन्हा उघडते. स्टेशनवर, देवळात, दवाखान्यात. मुलं चेष्टा करतात: "आई, लाडू आहेत का बघ." ती हसते आणि पुन्हा उघडते.

मागच्या महिन्यात धाकट्याने कुठल्याशा बेटावरून फोन केला. सुट्टीवर गेला होता, घोड्यावरून फिरला होता, आणि नातवंडांना आजीच्या लाडवांची गोष्ट सांगितली होती. नातीने विचारलं, "आजी, तू खरंच विसरलीस?" बायको म्हणाली, "हो गं, तेव्हापासूनच डोकं गेलंय माझं." फोन ठेवून आम्ही फिरायला निघालो आणि ती दारात पिशवी उघडून उभी राहिली. किल्ली होती, छत्री होती, सगळं होतं. तरी ती बघत होती.

मी तिथेच सांगितलं. तांदळाचा डबा, गूळ, घोडा, सगळं.

तिने पिशवीतून नजर उचलली. मग म्हणाली, "म्हणजे मी उगीच गेले."

"उगीच."

"आणि माझा मास्क लावून उभे राहिलात."

"हो."

"पट्टा आवळून."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं. मला वाटलं, भेदरलेत बिचारे." तिने पिशवीची चेन ओढली. "नातीला फोन लावा. तुम्ही सांगायचं, मी ऐकणार. मग मित्राला. मग हे सगळं लिहायचं, म्हणजे म्हातारपणी पुन्हा बदलता येणार नाही."

नातीला सांगितलं. मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, "शेवटी." आणि आता लिहूनही झालं. यंदा संक्रांतीला घरात लाडू झाले, मला दोन मिळाले, आणि तेही तिच्यासमोर खावे लागले.

आता बाहेर पडताना ती स्वतःची पिशवी खांद्याला लावते आणि सरळ चालू लागते. जिना उतरायच्या आधी थांबते, माझ्यापुढे हात करते आणि माझी पिशवी उघडून बघते.