खेमाच्या वतीनं बोलणारी बाई

पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला होता. साहेबांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, करवत उकळायला ठेवली आणि मला घरच्यांच्या संमतीचा अंगठा घ्यायला व्हरांड्यात पाठवलं.

इंग्रजांचं राज्य होतं. शहाद्याकडच्या एका दवाखान्यात मी ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा. चौथी नापासालाही ते काम मिळायचं.

पेशंट खेमा, काठी गावाकडच्या डोंगरातला म्हातारा. ताडी काढताना झाडावरून पडला. झोळीत घालून दोन दिवस चालत आणलेला. जखमेत गँगरीन झालं होतं. त्यात जिवंतपणी मांस सडतं आणि सड वर चढत जाते. तापात खेमा बरळत होता. अशा वेळी घरच्या मोठ्या पुरुषाचा अंगठा घ्यायचा, एवढंच मला ठाऊक.

थोरला मुलगा म्हणाला, "कापू नका. अर्धा माणूस नेऊन काय करू?"

"मरी जाई तो," मी म्हणालो.

"आख्खा तर मरेल."

मी 'घरी नेतो' असं लिहिलं आणि त्याचा अंगठा घेतला. झोळी उचलणार, तेवढ्यात फाटकातून एक म्हातारी आली. धापा टाकत होती. हातात तीर-कामठं. बाईच्या हातात धनुष्यबाण मी तोवर पाहिला नव्हता. तिला पाहून मुलानं झोळी सोडली.

"तू कोण शे बाई?" मी विचारलं.

"ठुमली. ह्याची भावजय. या पोराला कोणी विचारलं?"

त्यांची बोली मला कळायची. तिनं सांगितलं ते असं. सरल्या होळीला खेमानं सगळ्या गावासमोर स्वतःचं कामठं तिच्या हातात दिलं होतं. मला बोलता आलं नाही तर माझ्या वतीनं ही बोलेल, असं सांगून. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. म्हातारी वेळेत पोचणार नाही, असं त्याला वाटलं असावं.

"पण तुलाच का?"

"वीस वर्षं भांडतो आम्ही. पोरं घाबरतील, तू घाबरायची नाहीस, म्हणाला."

"तो मेला तर तुला बरंच," मुलगा पुटपुटला.

"हो. तरी मलाच सांगितलंय."

साहेब बाहेर आले. तिनं विचारायचं, मी मराठीत सांगायचं. कापल्यावर जगेल? निम्मी आशा. हात चालतील? हातांना काही झालं नाही. माणसं ओळखेल? ताप उतरला की ओळखेल.

"मग कापा. हात चालले आणि माणसं ओळखता आली तर मला ठेव, नाहीतर सोड, म्हणालाय. पायाचं काही बोलला नाही."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. शिकल्यासवरल्या घरांत अशी तजवीज त्यांनी पाहिली नव्हती. इतका पुढचा विचार, आणि तो एका ताडी काढणाऱ्यानं केलेला. मी पहिला कागद फाडला. दुसऱ्यावर तिचा अंगठा घेतला. साहेबांनी क्लोरोफॉर्म मागवला.

खेमा जगला. शुद्धीवर आला आणि पहिलं भांडण ठुमलीशीच केलं.

माझी बायको गेल्या साली गेली. शेवटचे तीन दिवस तिची वाचा बंद होती. नाकातून नळी घालू का, डॉक्टर मला विचारत होते. चाळीस वर्षांचा संसार, आणि हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. घाला म्हणालो. तिला हवी होती का, ते आजही माहीत नाही.

तेव्हा जीभ चालते तोवर एक माणूस ठरवा आणि आपल्याला काय हवं ते त्याला चारचौघांत सांगा. फार जीव लावणारा नको, तो घाबरतो.