मास्तरांचं विमान आणि माझे पाय

मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी हातखंब्याला एका भंगारवाल्याच्या आवारात उभा होतो. ट्रॉलरच्या एका जुन्या इंजिनावरून आमची तासभर जुंपली होती. तो खाली यायला तयार नव्हता आणि मी वर जायला. फोनवर तांबे वहिनी होत्या. "भावजी, हे गेले..." एवढंच म्हणाल्या. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला आणि खुर्चीतच मान कलंडली. मी फोन खिशात घातला आणि समोरच्याला म्हटलं, "तू म्हणशील तो भाव." तो घाबरला. इतक्या वर्षांच्या धंद्यात माझ्या तोंडून त्याने असं वाक्य ऐकलं नव्हतं. "शेठ, बरं वाटत नाय काय?" म्हणत त्याने मला बसायला पिंप पुढे केलं आणि पाणी आणून दिलं.

याला आता दीड महिना होईल. पेपरच्या पुरवणीसाठी मास्तरांवर काहीतरी लिहा, असं सांगणं आलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. माझं मास्तरांशी भांडण आहे. होतं असं मी म्हणणार नाही, आहे. पाच महिने आमच्यात एकच गोष्ट अडली होती, आधी कुणी नमायचं, आणि तिचा निकाल लागायच्या आत ते उठून निघून गेले. पण भांडण सांगायचं तर विमान सांगावं लागेल, आणि विमान सांगायला लागलो की मला हसू येतं.

तांबे मास्तर आयटीआयमध्ये लेथवर शिकवायचे. निवृत्त झाल्यावर एके सकाळी ते मिरजोळ्याला माझ्या शेडवर आले. माझा धंदा मच्छीमार बोटींच्या जुन्या इंजिनांचा आणि सुट्या भागांचा. बापाच्या होडीवर जाळं ओढण्यापासून सुरुवात करून मी ही शेड उभी केली, कुणाच्या शिफारशीशिवाय. मास्तरांना बोटीच्या इंजिनाची रेस कमीजास्त करायचा दांडा हवा होता. मी विचारलं, "कुठल्या बोटीला लावायचाय?" म्हणाले, "बोटीला नाही, विमानाला." माझं डोकं तापलं. म्हटलं, "मास्तर, सकाळी सकाळी थट्टेला दुसरं कुणी बघा." ते शांतपणे म्हणाले, "विमान घरी आहे. येऊन बघ." आणि मी सांगितलेल्या भावात एका शब्दाचीही घासाघीस न करता दांडा घेऊन निघाले. घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला संशय येतो. मी शेड तशीच सोडून त्यांच्या मागोमाग गेलो.

घरामागच्या पडवीत चिऱ्याच्या भिंतीला टेकून एक मोठा पडदा, खाली टेबलावर कॉम्प्युटर, आणि समोर मोडीत निघालेल्या जीपची सीट लाकडी चौकटीवर बसवलेली. सीटच्या पुढ्यात ट्रॅक्टरच्या गिअरचा दांडा. त्याच्या तळाशी लोहचुंबकांची काहीतरी करामत करून तारा कॉम्प्युटरला जोडलेल्या. वरची मूठ फणसाच्या लाकडाची, मास्तरांनी स्वतः कातलेली, आणि तिच्यावर दाराच्या बेलचं बटण. "हे दाबलं की आठ मशीनगन सुटतात," मास्तर म्हणाले. पायाशी बिजागऱ्या लावलेल्या दोन फळ्या. त्यांना नायलॉनच्या दोऱ्या, दोऱ्या कप्प्यांवरून मागे गेलेल्या, शेवटी स्प्रिंगा आणि तिथूनही कॉम्प्युटरला तारा. तरुणपणी हवाई दलाच्या भरतीतून चष्म्यापायी परत आलेला हा माणूस साठीनंतर पडवीत बसून महायुद्धातली लढाऊ विमानं उडवत होता. मी आणलेला राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मास्तरांनी सीटवरची धूळ फडक्याने पुसली आणि म्हणाले, "बस."

पडद्यावर जुन्या पद्धतीचं, पुढे पंखा असलेलं विमान उभं होतं. शेपूट जमिनीला टेकलेलं, नाक वर, त्यामुळे समोरचं काही दिसत नाही. मास्तर शेजारी स्टुलावर बसले. "रेस हळूहळू वाढव. पंख्याच्या जोराने विमान डावीकडे ओढेल. ओढलं की उजवा पाय दाब." मी रेस वाढवली. विमान डावीकडे ओढू लागलं आणि मी सगळा जीव एकवटून डावा पाय दाबला. विमान धावपट्टी सोडून गवतात आणि गवतातून थेट पेट्रोलच्या पिंपांत घुसलं. मोठा भडका उडाला.

"उजवा म्हटलं होतं, शेठ."

"मला ऐकू आलं होतं!"

"मग?"

"मग काय मग! पुन्हा लावा."

खरं सांगतो, डोक्याला कळत होतं, पायांना कळत नव्हतं. बाराव्या वर्षापासून मी होडीवर. दोन्ही हातांत जाळं असलं की सुकाणूचा दांडा पायाने लोटायचा, आणि दांडा डावीकडे लोटला की होडी उजवीकडे वळते. ते पायांत इतकं मुरलंय की झोपेतून उठवलं तरी पाय तेच करतील. आता या वयात कुणी सांगतं, डावीकडे दाब म्हणजे डावीकडे जाईल. पाय का म्हणून ऐकतील?

पुढचे सात-आठ रविवार मी त्या विमानतळावर जे काही उभं होतं ते सगळं जाळलं. पिंपं जाळली, हँगर जाळला, एकदा आपल्याच बाजूची रांगेत उभी असलेली विमानं जाळली. मास्तर म्हणाले, "मेल्या, शत्रूने तुला बोलावून पदक द्यायला हवं." एका रविवारी मी संतापून फळीला अशी लाथ हाणली की बिजागरीच उखडली. "नाही जमायचं मला. तुमचं विमान भिकार आहे," असं ओरडून मी बाहेर पडलो. पुढच्या रविवारी मास्तरांचा फोन आला, "ये, फळी दुरुस्त केलीय. आज होईल." मी गेलो. रेस वाढवली, पाय नेहमीसारखे चालवले... आणि विमान सुतासारखं सरळ धावलं, शेपूट उचललं, चाकं सुटली, खाली समुद्र दिसायला लागला. मी एवढ्या जोरात ओरडलो की वहिनी भाकरीच्या पिठाचे हात घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, मास्तरांना काही झालं.

पुढची दोन वर्षं सांगायची तर पुरवणी पुरायची नाही. वर गेल्यावर माझी दुसरी खोड उघडी पडली. शत्रूचं विमान वळलं की मी दांडा पोटाकडे ओढायचो, अजून ओढायचो, अजून... मग विमान थरथरायचं आणि दगडासारखं गरगरत खाली. मास्तर म्हणायचे, "त्याच्याशी घासाघीस नको करू. ते देईल तेवढंच वळण घे. जास्त मागितलंस की सगळंच काढून घेतं." ही भाषा मला कळली. नेम मात्र लागेना. बेलचं बटण दाबून दाबून खिळखिळं झालं, गोळ्या सगळ्या मोकळ्या आभाळात. मास्तर चार रविवार कागदावर रेघा मारून समजावत होते. पाचव्या रविवारी मला एकदम पाग आठवला, आमचं फेकायचं जाळं. मासा दिसतो तिथे पाग टाकला तर हाती पाणी येतं. मासा जाणार असतो तिथे टाकायचा. मी शत्रूच्या नाकापुढची रिकामी जागा धरली आणि बटण दाबलं. त्याचा पंख तुटून उडाला. मास्तर स्टुलावरून उठून टाळ्या वाजवायला लागले. "चार रविवार मी गणित घालतोय आणि तू मासे पकडतोयस!" त्या दिवशी त्यांनी कागद चुरगळून फेकून दिला आणि मलाच विचारलं, पाग नेमका कसा टाकतात. मग अंगणात टॉवेल घेऊन मी त्यांना शिकवत होतो आणि शेजारी कुंपणावरून बघत होते.

मी गावभर सांगत सुटलो. जेटीवर, बाजारात, बँकेच्या रांगेत. आपण लढाऊ विमान उडवतो. मास्तरांना विचारा.

मग मास्तरांचा वाढदिवस आला. त्यांचे जुने विद्यार्थी जमले होते, आता चांगले बापे झालेले. त्यांतल्या एकाने, पुण्यात नोकरी करणाऱ्याने, मास्तरांना भेट म्हणून कारखान्यात तयार झालेली, विकतची पायडलं आणली होती. वहिनींनी कोंबडी-वडे केले होते. मी दुसरा वडा उचलत म्हटलं, "लावा ती पायडलं. मी दाखवतो." मास्तरांचा चेहरा पडला. म्हणाले, "आज नको, लाइट जाईल." लाइट काही गेली नाही. मग म्हणाले, "जेवून लगेच उडू नये." सगळे हसले. मला वाटलं, आपलं कौतुक त्यांना बघवत नाही. मी सीटवर बसलो आणि दहा माणसांच्या देखत, दोन वर्षांच्या अनुभवाने, विमान सरळ नेऊन पेट्रोलच्या पिंपांत घातलं. पुन्हा लावलं, पुन्हा पिंपांत. म्हटलं, पायडलं खराब आहेत. तेवढ्यात तो पुण्याचा टेबलाखाली वाकला आणि म्हणाला, "सर, तुमच्या जुन्या फळ्यांच्या दोऱ्या उलट्या का बांधल्यात? डावीची उजवीकडे गेलीय." तोच पुढे म्हणाला, "आणि उलटंच करायचं होतं, तर सेटिंगमध्ये एक खूण केली असती तरी झालं असतं." मास्तर कसनुसं हसत म्हणाले, "मला काय ठाऊक? मी आपलं दोरीने केलं."

मी वडा ताटात तसाच सोडून उठलो. वाटेत मला त्या वड्याचंही वाईट वाटत होतं, पण परत कसा फिरणार? इंजिनाची जोड दिलेली क्रँक अखंड म्हणून माझ्या गळ्यात आजवर कुणी मारू शकला नाही, आणि या माणसाने मला दोन वर्षं उलट्या दोऱ्यांवर उडवलं होतं!

दुसऱ्या दिवशी मास्तर शेडवर आले. "तुझे पाय सरळ होईनात, म्हणून मी विमान वाकडं केलं. एवढं काय त्यात?"

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू बसला असतास?"

"आता आधी दोऱ्या सरळ करा, मग मी येतो."

"तू आधी ये. तुझ्यासमोर सरळ करीन."

"आधी दोऱ्या."

"आधी तू."

तिथे अडलं ते अडलं. धंद्यात मी एक शिकलोय, सौद्यात जो आधी तोंड उघडतो तो गेला. मी थांबलो. तसे आम्ही भेटायचो, हसायचो, पण माझा रविवार रिकामा जायचा आणि मी घरी सगळ्यांवर खेकसायचो. शेवटचे भेटले ते मासळीबाजारात, हातात बांगड्यांची पिशवी. "काय शेठ, कधी येतोस?" मी म्हटलं, "दोऱ्या?" म्हणाले, "आहेत तशाच." मी म्हटलं, "मग मीही आहे तसाच." ते एवढे हसले की पिशवीतला एक बांगडा खाली पडला. तो उचलून पाण्याने धुतला आणि हसतच गेले...

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, माणसं पांगली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, पडवीतल्या त्या सामानाचं काय करायचं, ते तुम्हीच बघा." मी आत गेलो आणि सीटवर न बसता आधी गुडघ्यांवर वाकून टेबलाखाली पाहिलं. काय दिसायला हवं होतं, ते मलाही ठाऊक नव्हतं. सरळ असत्या तर मी जिंकलो असतो, आणि त्या क्षणी जिंकायची मला भीती वाटत होती. दोऱ्या उलट्याच होत्या. माझा जीव भांड्यात पडला. मास्तर हटले नव्हते.

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आधी तुम्ही यायचे असलात की दर रविवारी सकाळी टेबलाखाली शिरून उलट्या बांधायचे, आणि तुम्ही गेलात की परत सरळ. कंबर धरून उठायचे. तुम्ही यायचे थांबलात तशा त्यांनी उलट्याच ठेवल्या आणि स्वतः तसंच उडवायला बसले. रोज आपटायचे हो! मी म्हटलं, कशाला हा खटाटोप? तर म्हणे, शेठच्या पायांनी कसं उडतं ते बघतोय."

"मग? जमलं?"

"कुठलं जमतंय! पाच महिने पिंपांतच जात होते."

आम्ही दोघं हसायला लागलो. दुःखाच्या घरात असं हसू नये म्हणून मी तोंडावर रुमाल धरला, पण वहिनीच भिंतीला टेकून हसत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि पुन्हा हसत होत्या.

मी टेबलाखाली शिरलो. मास्तरांच्या गाठी म्हणजे लेथवाल्याच्या गाठी, नुसती गुंतवळ. त्या सोडवायला वेळ लागला. मग दोऱ्या सरळ कप्प्यांवरून घेतल्या आणि होडीवर मारतो तशा गाठी मारल्या.

माझी तक्रार मिटलेली नाही. मी आपटतोय, एवढा निरोप त्यांनी पाच महिन्यांत एकदा तरी पाठवायला हवा होता. मी त्याच दिवशी गेलो असतो, बघायला आणि पोटभर हसायला. हे मी त्यांना माफ करणार नाही.

रविवारी सकाळी मी पडवीत जातो. वहिनी स्टुलावर परात घेऊन पावटे सोलत बसतात. परवा मी रेस वाढवली, विमान डावीकडे ओढू लागलं, आणि पायांना शिव्या घालत मी उजवा दाबला. दाबून धरला. धावपट्टीचा निम्मा पल्ला विमान सरळ गेलं. मग पायांनी आपलं खरं केलं आणि ते गवतात शिरलं. वहिनींनी परातीतून मानही वर केली नाही.

"गेल्या खेपेपेक्षा लांब गेलात, भावजी," म्हणाल्या.