मारिसोलचा राजीनामा

कॉलेजचे किस्से आपण कुठे लिहून ठेवत नाही, तरी साठतातच. मैत्रिणी जमल्या की एक निघतो, मग त्याच्यामागून सगळे. माझे बहुतेक मारिसोलचे आहेत.

मारिसोल कोलंबियाची, मी नागपूरची. दोघी कार्डिफला लॉ करायला आलो होतो. पहिला महिनाभर ती वर्गात कोणाशी बोललीच नाही. बाहेरून आलेल्या लॉ स्टुडंट्ससाठी ग्वेन नावाची एक वेल्श मुलगी सोसायटी, म्हणजे विद्यार्थ्यांचं मंडळ, चालवायची, तिथे आमची ओळख झाली.

* * *

सोसायटीत पहिल्याच दिवशी फॉर्म भरायचा होता. मारिसोलने दोन आडनावं लिहिली.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक बाबांचं, एक आईचं. तुमच्याकडे?"

"मधे बाबांचं नाव, शेवटी बाबांचं आडनाव."

"आणि आई?"

तिने माझा फॉर्म ओढला. "नाव काय तिचं?"

सोसायटीच्या यादीत मी शेवटपर्यंत मृणाल सुनंदा वानखेडे होते. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "स्पेलिंग नीट लिहिलंय ना?"

* * *

लायब्ररीच्या दारावरचे सिक्युरिटीवाले आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "यू ऑलराइट?" इथे त्याचं उत्तरही "यू ऑलराइट?" एवढंच असतं. मारिसोलला हे कोण सांगणार! ती थांबली आणि खरंखरं सांगितलं. घरची आठवण येते, जेवण जात नाही, कॉन्ट्रॅक्ट लॉ डोक्यावरून जातो.

आजोबांनी उठून तिला स्वतःची खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता माझ्या गुडघ्याचं ऐक."

लेक्चर बुडालं. पण पुढे त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा फुलं घेऊन मारिसोलच गेली!

* * *

सोसायटीत आम्ही खोटा खोटा खटला चालवायचो. एकदा ग्वेन जज होती. घाबरली की मारिसोल स्पॅनिशवर जायची. जजला "माय लेडी" म्हणायचं होतं, तोंडातून निघालं, "मी रेइना!"

"म्हणजे काय?" जजसाहेबांनी विचारलं.

"माझी राणी," मारिसोल पुटपुटली.

ग्वेनने समोरचे कागद मिटले. "अपील मंजूर!"

* * *

दुसऱ्या टर्ममध्ये मारिसोल दोन पेपरांत नापास झाली. तिकडून आई म्हणत होती, परत ये. तोवर ती सोसायटीची सेक्रेटरी झाली होती, म्हणून मीटिंगमध्ये तिने रीतसर कागद दिला: "मी कोर्स सोडून घरी जात आहे. सेक्रेटरीपदाचा राजीनामा स्वीकारावा."

ग्वेनने तो मोठ्याने वाचला. मग नियमांची फाईल काढली.

"अनुमोदन कोण देतंय?"

आम्ही नऊ जण होतो. एकही हात वर गेला नाही. मी खिडकीबाहेर बघत बसले.

"मी देते," मारिसोल म्हणाली. डोळे भरले होते.

"मांडणाऱ्याला अनुमोदन देता येत नाही," ग्वेन म्हणाली. "राजीनामा नामंजूर. पुढचा विषय. फेरपरीक्षेचा अभ्यास शनिवारी कोणाच्या खोलीवर?"

"माझ्या," मारिसोल म्हणाली.