गाण्याच्या मध्यात कार्डभाऊ

आमचा कार्डभाऊ म्हणजे वाळकी काडी आणि तिच्यावर जाड चष्मा. आवाज मात्र असा, की त्याने हळूच हाक मारली तरी तीन घरांतली मुलं दचकून उठावीत. चौकात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दुरुस्ती आपली नावाला. खरा धंदा मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा. कुणाची गाणी, कुणाला विचारून, असं म्हटलं की हात नाचवायचा. "अहो, वाटून गाणं कमी होतं का? तुमच्याकडे जातं, माझ्याकडेही राहतं. यात चोरी कुठे आली?"

एवढा दानशूर माणूस. पण शेजारचे दुकानदार ‘आपली’ गाणी उचलतात म्हणून खवळायचा. शेवटी त्याने प्रत्येक गाण्याच्या ऐन मध्यात स्वतःची आरोळी घुसवली. "कार्डभाऊऽऽ! चौकातला एकच कार्डभाऊ!" नायिका हुंदका देणार, तेवढ्यात भाऊ हजर.

आमच्या वेल्डरने त्याच्याकडे फोन दुरुस्तीला टाकला. वेल्डरची बायको वारली होती. कपडे वाळत घालताना ती स्वतः जुळवलेलं एक गाणं म्हणायची. तेवढं त्या फोनात उरलं होतं. भाऊने ते ऐकलं, आवडलं, आणि हात सवयीने चालला.

फोन परत मिळाल्यावर काही दिवसांनी वेल्डर गेटचे गज जोडत बसला होता. समोर ट्रक थांबला. ट्रकमध्ये त्याची बायको गात होती. तो हळूहळू उठून उभा राहिला. मग तिच्या गाण्यातून भाऊ ओरडला.

वेल्डर हातोड्यासकट दुकानात शिरला. फोन काउंटरवर आपटला. "यातलंच उचललंस ना?"

"दादा, एवढा गोड आवाज एकट्यानेच ऐकायचा का?"

सगळे दात शाबूत असताना भाऊने बोललेलं हे शेवटचं वाक्य. ठोसा बसला, चष्मा फुटला, काचेने भुवई फाटली. हातोड्याने गाण्यांच्या कॉम्प्युटरचा चुरा केला. भाऊने वेल्डरच्या दंडाचा लचका तोडला. वेल्डरने त्याचं डोकं भिंतीवर आदळलं. मी सोडवायला धावलो आणि एक कोपर खाऊन गटारात बसलो. तिथून दिसलं ते एवढं: भाऊचा पंजा काउंटरवर दाबलेला, हातोडा वर. पहिल्या घावात दोन बोटं गेली कामातून. दुसऱ्याला भाऊने हात हिसडून घेतला. त्या हाताखाली फोन होता.

वेल्डर मटकन खाली बसला. रक्ताळल्या ओंजळीत तुकडे गोळा करू लागला. "ती यात होती रे."

भाऊने एक दात थुंकला. "ट्रकवाल्याकडे आहे. चल."

दोघं एकमेकांना धरून गेले. गाणं मिळालं, आरोळीसकट. ती काढता येईना. तिच्याखालची ओळ कायमची गेली होती. वेल्डरने शांतपणे ऐकलं, आरोळी आली तशी भाऊच्या थोबाडीत मारली, आणि म्हणाला, "पहिल्यापासून लाव."

अजूनही सुट्टीच्या दिवशी वेल्डर येतो आणि स्टूल ओढून बसतो. भाऊ मोडक्या बोटांनी गाणं लावतो. ती गात गात मधल्या ओळीपाशी आली, की भाऊ नवा चष्मा काढून बाजूला ठेवतो.