पत्र्याच्या टॉकीजमधला खटला

लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा ह्यांना पोलीस घेऊन गेले. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली आणि तिथला रखवालदार त्यात गेला. त्याच सकाळी कापसाची बैलगाडी कुठे उभी करायची यावरून ह्यांची त्याच्याशी जुंपली होती. "पाहून घेतो तुले," असं हे रागात बोलून गेले होते, आणि ते इतर गाडीवानांनी ऐकलं होतं. तेवढं पुरलं.

सगळा उन्हाळा आणि पावसाळा हे यवतमाळच्या जेलात होते. मी सासऱ्यांबरोबर भेटायला जायची. जाळीपलीकडून हे फक्त बैलांची चौकशी करायचे. शेवटी निकाल लागला. वकिलानं बाहेर येऊन सांगितलं, "संशयाचा फायदा देऊन सोडलं." मी तिथंच रडायला लागले, आनंदानं.

पण गावानं त्यातला एकच शब्द उचलला. "सोडलं, पण संशय हायच ना," असं विहिरीवर मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं बोललं जाई. बाजाराला निघालेल्या गाड्या आमची गाडी पुढे जाऊ देत, सोबत येत नसत. रखवालदाराची बायको दिग्रसमध्येच राहायची. बाजारात आम्ही दिसलो की ती तोंड फिरवायची.

अशी काही वर्षं गेली. मग एका बाजाराच्या दिवशी टांग्यातून भोंगा ओरडत आला, "जेल आणि कोर्टाचा खेळ! खऱ्या घटनेवर!" शेजारीण माझ्या कानाशी लागली, "तुमच्यावरच सिनेमा काढला म्हणतात." मी ह्यांना म्हटलं, "घरी चला." हे म्हणाले, "पाहू तं खरं, सिनेमातल्या त्याचं काय होते."

दुपारचा खेळ होता. पत्र्याच्या टॉकीजमध्ये बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. मी बाकावर टेकले आणि समोर पाहिलं, तर माझ्या पुढच्याच ओळीत रखवालदाराची बायको. उठावं तर उठताही येईना.

सिनेमा आमचा नव्हताच. कुठल्याशा मोठ्या शहरातली गिरणी, मालकाचा खून, पकडलेला कामगार. जेलातसुद्धा त्याचा सदरा इस्त्रीचा होता, ह्याचं मला हसू आलं. पण मालकाची बायको कोर्टात उभी राहिली, बोट रोखून ओरडली, "ह्यानंच मारलं!" आमच्या कोर्टातही रखवालदाराच्या बायकोनं ह्यांच्याकडे असंच बोट दाखवलं होतं. पुढच्या ओळीतली पाठ ताठ झालेली मला अंधारातही दिसली. शेवटी खरा गुन्हेगार भर कोर्टात कबूल झाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. आमच्या खटल्यात कोणी कबूल झालं नव्हतं. आग कशानं लागली ते आजही कुणाला माहीत नाही.

बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. हे गाडी जुंपत होते. रखवालदाराची बायको माझ्या बाजूनं पुढे गेली आणि थेट ह्यांच्यासमोर उभी राहिली. आजूबाजूचे गाडीवान जवळ सरकले.

"भाऊ, आग तुमी लावली होती का?"

ह्यांनी हातातलं जू खाली ठेवलं. पोलिसांनी विचारलं होतं ते काठी उगारून. वकिलानं तर काही विचारलंच नव्हतं, काय बोलायचं तेवढं पढवलं होतं. असं समोर येऊन, उत्तर ऐकायला थांबून, कोणीच विचारलं नव्हतं.

"नाही वो वहिनी," हे म्हणाले. "भांडलो, ते खरं. पण आग मी नाही लावली. तवा मी बाजारात बैलाले सरकीची ढेप घेऊन राह्यलो होतो."

ती त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "कोर्टात मी तुमच्याकडं पाह्यलंच नाही. शिपायानं बोट दाखोवलं, तिकडं मीबी दाखोवलं." बैलांकडे पाहून म्हणाली, "जा आता. बैलं ताटकळले."

ती बाजाराकडे चालती झाली. एक म्हातारा गाडीवान पुढे आला, त्यानं जू उचलून ह्यांच्या हातात दिलं. त्या संध्याकाळी गावाकडे निघालेल्या गाड्यांत आमची गाडी मधोमध होती. पुढचा गाडीवान मागे वळून ह्यांच्याशी कापसाच्या पऱ्हाटीच्या गोष्टी करत होता. बोलता बोलता ह्यांचा आवाज जड झाला. पाहते तर हे तुरीच्या पोत्याला टेकून झोपले होते, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. मी कासरा त्यांच्या हातातून हळूच सोडवून घेतला.